येरुशलेमहून आणलेली पणती, आणि विकायला आलेला एका रांजणाचा कान

पडवी | ३ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस हा धागा काढायचा होता, आज निमित्त मिळालं.

२०१७ साली कंपनीच्या कामासाठी सहा आठवडे इस्रायलमध्ये हैफाला होतो. परतायच्या आधी एक दिवस येरुशलेमच्या जुन्या शहरात फिरताना एका परवानाधारक दुकानातून मातीचा एक दिवा घेतला. दुकानदाराने लिहून दिलं होतं: यहूदाचं राज्य, लोहयुग, इ.स.पू. ८वं-७वं शतक. यहूदा म्हणजे येरुशलेमभोवतीचं प्राचीन राज्य; दिव्याला साधारण सत्तावीसशे वर्षं झाली. पावती, दुकानाच्या वहीतला नोंद क्रमांक, देशाबाहेर न्यायची सरकारी परवानगी, सगळं सोबत होतं. अमेरिकेत एडिसनला घरी पोचलो तेव्हा आई आमच्याकडे आलेली होती. कापसातून दिवा काढून तिच्या हातात ठेवला तर ती म्हणाली, "अरे, ही तर पणती! एवढ्या लांबून पणती आणलीस?"

खरंच पणती आहे ती. चाकावर काढलेली उथळ ताटली, आणि माती ओली असतानाच कड एका बाजूला चिमटून वातीसाठी केलेली चोच. चिमटलेल्या जागी अंगठ्याचा खळगा अजून दिसतो. माझा अंगठा त्यात ठेवला तर बसत नाही, म्हणजे कुंभाराचा हात लहान असावा. चोचीच्या टोकाला काळा डाग आहे. फरक आहे तो तळाला: आपल्या पणतीला नसते अशी जाड, उंच चकती खाली आहे. त्यामुळे दिवा टेबलावर घट्ट बसतो, हलत नाही.

त्या दिवसापासून मी या विषयाच्या नादी लागलो. पुस्तकं आणली, संग्रहालयांचे कॅटलॉग चाळले. कनान देशात, म्हणजे आजच्या इस्रायल-लेबनॉनच्या भागात, सुरुवातीला चार कोपरे चिमटलेले दिवे होते, नंतर एकाच चोचीची ताटली आली आणि ती हजार वर्षांहून जास्त टिकली. चोच हळूहळू खोल होत गेली. उत्तरेकडे तळ गोलच राहिला, आणि यहूदाच्या शेवटच्या दोन शतकांत ही उंच बैठक आली. फिनिशियन लोकांनी, म्हणजे लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या प्राचीन दर्यावर्दी व्यापाऱ्यांनी, विशेषतः कार्थेजकडच्या पश्चिमेकडील वसाहतींत, एकाच ताटलीला शेजारी शेजारी दोन चोची काढल्या. ताटलीच्या एका कडेवरून काळ आणि प्रदेश सांगता येतो, याचं मला अजून नवल वाटतं.

आता मूळ प्रश्न. गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका विक्रेत्याची ईमेल आली. त्याच्याकडे रांजणाचा एक कान आहे, त्यावर ठसा: चार पंखांचा भुंगा आणि प्राचीन हिब्रू लिपीत 'ल-म-ल-क', म्हणजे 'राजाचे'. खाली 'हेब्रोन'. यहूदाचा राजा हिज्कीया याच्या काळातले हे ठसे प्रसिद्ध आहेत. किंमत इतर ठिकाणांच्या तिसऱ्या हिश्शाने. कागदांबद्दल विचारलं तर "जुन्या खासगी संग्रहातला आहे, कागद नंतर पाठवतो" असं उत्तर आलं. फोटोवरून डोळे हटत नाहीत. घ्यावा का?

निमिष_टोरांटो | ३ नोव्हेंबर, रात्री ११:१५

पडवी, धागा वाचून आनंद झाला. मी गेली एकोणीस वर्षं या प्रदेशातली भांडी गोळा करतो. चौदा दिवे, सहा कुप्या, एक लाल लेपाची फिनिशियन सुरई. त्यामुळे थोडं अनुभवाचं सांगतो.

आधी वस्तू खरी आहे का ते बघा. भाजलेल्या मातीवर ठसा उठत नाही, तो ओल्या मातीतच उठतो. खऱ्या ठशात माती दाबली जाऊन कडेला किंचित फुगते. नंतर कोरलेल्या ठशाच्या कडा धारदार असतात आणि आतला रंग ताजा दिसतो. भिंगाखाली बघा. अंगावरची माती ओल्या कापसाने चटकन निघून आली किंवा तिला डिंकाचा वास आला तर वस्तू ठेवून द्या. जमिनीत राहिलेल्या भांड्यावर चुन्याचा थर चढतो, बारीक मुळांच्या खुणा राहतात आणि ते सगळं तुटलेल्या कडेवरही असतं. तुटलेली कड स्वच्छ आणि बाकी अंग मळकं असेल तर ते अलीकडे तुटलंय. अतिनील दिव्याखाली धरलं तर नंतर भरलेलं प्लास्टर आणि रंग वेगळे उठून दिसतात. उष्मादीप्ती चाचणी मातीच्या भांड्याला चालते, ते शेवटचं कधी भाजलं गेलं हे त्यातून कळतं. पण त्यासाठी तळाला बारीक भोक पाडून भुकटी काढावी लागते.

नकली मालाचा धंदा नवा नाही. १८७० च्या दशकात येरुशलेमच्या मोझेस शापिरा या विक्रेत्याने मोआबी, म्हणजे शेजारच्या प्राचीन मोआब राज्यातल्या, म्हणून मातीच्या मूर्ती आणि भांडी बर्लिनला विकली, सतराशेच्या आसपास. त्यांवर अक्षरं होती, पण त्यांचा अर्थ लागत नव्हता. क्लेर्मों-गानो या फ्रेंच अभ्यासकाने येरुशलेमच्या कुंभारांकडे चौकशी केली आणि ती तिथेच भाजली गेल्याचं उघड केलं. अलीकडचं उदाहरण म्हणजे हस्तिदंती डाळिंब. इस्रायल म्युझियमने १९८८ मध्ये ते साडेपाच लाख डॉलरला घेतलं, येरुशलेमच्या शलमोन राजाच्या मंदिरातली एकमेव वस्तू म्हणून. २००४ मध्ये तज्ज्ञ समितीने त्यावरचा लेख बनावट ठरवला. एवढ्या मोठ्या संस्थेचं असं होतं, तर आपण सावध राहायलाच हवं.

हे सगळं तपासून कान खरा ठरला आणि कागद आले, तर घ्या. अशी संधी वारंवार येत नाही.

रुचिरा_वाई | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

फोटो टाका ना पणतीचा. चोचीचा आणि बैठकीचा, दोन्ही.

खापरखुणा | ४ नोव्हेंबर, दुपारी १:३०

पडवी, माझं मत निमिषदादांपेक्षा वेगळं आहे, सविस्तर सांगते.

मी पुण्यात पुरातत्त्व शिकले आणि नंतर दोन उन्हाळे इस्रायलच्या किनाऱ्यावर तेल दोरच्या उत्खननात स्वयंसेवक म्हणून काम केलं. 'तेल' म्हणजे आपल्याकडची पांढर, वस्तीवर वस्ती साचून झालेलं टेकाड. पहाटे पाचला खणायला सुरुवात, कारण दहानंतर ऊन उभं राहू देत नाही. एका खड्ड्यातून निघालेल्या प्रत्येक बादलीला चिठ्ठी: तारीख, स्तर, जागेचा क्रमांक. दुपारी सगळ्या खापऱ्या धुवायच्या आणि संध्याकाळी जाळीवर वाळलेल्या खापऱ्यांचं 'वाचन'. जाणकार बाई एकेक कड उचलून, काळ सांगून बाजूला ठेवत. घासायच्या आधी प्रत्येक खापरी नुसती पाण्यात बुडवून उजेडात धरायची, कारण तिच्यावर शाईने लिहिलेलं असू शकतं आणि ब्रशच्या एका फटक्यात ते जातं. दोन उन्हाळ्यांत मला एकही अक्षर सापडलं नाही, तरी प्रत्येक खापरी उजेडात धरताना छातीत धडधडायचंच.

एकदा ब्रशखाली माझ्याकडून एक चिठ्ठी भिजली आणि आकडा पुसला गेला. चाळीसेक खापऱ्या होत्या, त्यात लाल लेपाच्या सुंदर कडा होत्या. पर्यवेक्षकांनी त्या सगळ्या बाजूच्या ढिगात टाकल्या. मी रडकुंडीला आले. त्या म्हणाल्या, "आता या फक्त मातीच्या आहेत."

तुम्ही म्हणता त्या कानाचंच घ्या. 'राजाचे' ठशांचे कान आजवर दोन हजारांहून जास्त मिळालेत. ठशांचे दोन प्रकार आहेत, चार पंखांचा भुंगा आणि दोन पंखांचं सूर्यबिंब. खाली चारपैकी एक नाव: हेब्रोन, झीफ, सोको, किंवा 'ममशत', जे गाव कुठे होतं ते आजवर ठरलेलं नाही. कित्येक वर्षं मोठमोठे अभ्यासक मानत की दोन पंखांचे ठसे शंभर वर्षांनी नंतरचे, योशीया राजाच्या काळातले आहेत. मग १९७० च्या दशकात डेव्हिड उशिश्किन यांनी यहूदातलं लाखीश हे शहर खणलं. असिरियाचा सम्राट सन्हेरीब याने इ.स.पू. ७०१ मध्ये जाळलेल्या तिसऱ्या स्तरात, जळक्या मातीखाली, दोन्ही प्रकारचे ठसे एकत्र सापडले. शंभर वर्षांच्या फरकाचा वाद तिथे संपला. हिज्कीया सन्हेरीबच्या स्वारीची तयारी करत होता आणि हे रांजण त्या तयारीचा भाग असावेत, असं आज बहुतेकजण मानतात. पुढे मातीच्या पृथक्करणातून दिसलं की ठशावर गाव कुठलंही असो, रांजणांची माती एकाच भागातली आहे, शेफेला टेकड्यांची.

यातलं काहीही बाजारातल्या कानाने सिद्ध झालं नसतं. तो खरा असला तरी नाही. ज्या स्तरातून तो उपटला गेला, तो स्तर आता गेला.

निमिष_टोरांटो | ४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:५०

खापरखुणा, तुमचं म्हणणं मनापासून पटतं, पण दुसरी बाजूही आहे. इस्रायलमध्ये १९७८ च्या कायद्याआधीचा साठा विकायला रीतसर परवानगी आहे. आजूबाजूच्या देशांत तर असा व्यापारच बंद आहे. मी घेतलेली प्रत्येक वस्तू त्या परवान्याखालची आहे. शिवाय खासगी संग्रहातूनच मोठी संग्रहालयं उभी राहिली. हैफाचं हेख्त म्युझियम हा रूबेन हेख्त यांचा खासगी संग्रहच होता. त्यांनी जमवलं नसतं तर त्यातली किती भांडी फुटून गेली असती?

तिथेच, ऑगस्ट २०२४ मध्ये, चार वर्षांच्या मुलाकडून साडेतीन हजार वर्षांचा रांजण पडून फुटला. त्यांनी मुद्दाम काचेशिवाय ठेवला होता, लोकांना जवळून बघता यावा म्हणून. संग्रहालयाने त्या मुलाला रागावलं नाही, उलट परत बोलावलं, आणि रांजण जोडून पुन्हा मांडला. मला हे फार भावलं. वस्तूवर जीव असणारी माणसं असतील तर वस्तू जगते.

खापरखुणा | ४ नोव्हेंबर, रात्री १०:२०

निमिषदादा, तुमच्या जिव्हाळ्याबद्दल शंका नाही. शंका आहे ती त्या '१९७८ आधीच्या साठ्या'बद्दल. १९७८ नंतर सापडलेली प्रत्येक प्राचीन वस्तू सरकारची, आणि प्राचीन म्हणजे इ.स. १७०० पूर्वीची. मग चाळीस-पंचेचाळीस वर्षं दुकानातला साठा संपत कसा नाही? यावर अभ्यास झालाय. गिऱ्हाईक निर्यातीचा कागद न मागता वस्तू घेऊन जातं. वहीत ती विकली गेल्याची नोंदच होत नाही. मग तोच क्रमांक नुकत्याच चोरून खणलेल्या, तशाच दिसणाऱ्या दिव्याला लागतो. "दिवा, लोहयुग, १२ सेंमी" हे वर्णन हजार दिव्यांना चालतं. म्हणूनच २०१६ पासून दुकानदारांना फोटोसकट डिजिटल नोंद सक्तीची केली.

अजून एक. वस्तीतली भांडी फुटतात. अख्खी भांडी बहुतेक कबरींतून येतात. तुमची अख्खी पणती, निमिषदादांची अख्खी सुरई, बहुधा कुणाच्या तरी कबरीत ठेवलेली होती.

कबरीचं एकच उदाहरण देते. येरुशलेममध्ये केतेफ हिन्नोम नावाची जागा आहे. १९७९ मध्ये गाब्रिएल बार्काय तिथे लोहयुगातल्या खडकात कोरलेल्या कबरी खणत होते. बाकीच्या कबरी लुटलेल्या होत्या. एका कोठडीत छत कोसळल्यामुळे खालचा हाडांचा आणि भांड्यांचा साठा चोरांच्या नजरेतून सुटला. शेकडो अख्खी भांडी निघाली, आणि त्यांच्यात चांदीच्या दोन इवल्याशा गुंडाळ्या. त्या उलगडायला काही वर्षं लागली. त्यावर 'परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो' हा याजकांचा आशीर्वाद निघाला. बायबलमधल्या मजकुराचा आज हाती असलेला हा सगळ्यात जुना पुरावा आहे. चोराच्या हाती लागल्या असत्या तर दोन चांदीचे तुकडे म्हणून वितळल्या असत्या, आणि भांडी दुकानांत गेली असती.

मोशे दायान यांचं नाव तुम्ही घेतलं नाहीत, मी घेते. ते इस्रायलचे सेनापती होते, मंत्री होते, आणि परवान्याशिवाय खणत असत. १९६८ मध्ये आझूरला खणताना अंगावर दरड कोसळून जबर जखमी झाले होते. त्यांच्याकडे मातीच्या, माणसाच्या चेहऱ्याच्या शवपेट्या होत्या. अशा पेट्या बाजारात येत होत्या, पण कुठून ते कुणी सांगत नव्हतं. ट्रुडे दोथान यांनी माग काढत काढत गाझाजवळचं देर अल-बलाह शोधलं आणि १९७२ पासून तिथे शास्त्रीय उत्खनन केलं. तोवर कित्येक कबरी उपसल्या गेल्या होत्या. दायान गेल्यावर त्यांचा संग्रह इस्रायल म्युझियमने दहा लाख डॉलरला घेतला. पेट्या संग्रहालयात आल्या, तुम्ही म्हणाल. आल्या खऱ्या. पण त्यांत कोण होतं, सोबत काय होतं, हे त्यांच्याबरोबर आलं नाही.

सागरवेडा_मालवण | ५ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

फिनिशियन भागाबद्दल मी भर घालतो, कारण माझा जीव तिथे आहे.

त्यांची ओळखीची भांडी म्हणजे लाल लेप देऊन चाकावर घोटलेल्या, चकाकणाऱ्या सुरया. एकीचं तोंड भूछत्रासारखं पसरट, दुसरीचं तीन पाकळ्यांचं. शिवाय अंगावर वर्तुळं काढलेल्या छोट्या कुप्या. लेबनॉनच्या किनाऱ्यावर सराफांदला, म्हणजे प्राचीन सरेप्टाला, जेम्स प्रिचर्ड यांनी १९६९ पासून खणलं तेव्हा कुंभारवाडाच सापडला, भट्ट्यांसकट. सूर आणि सीदोन या मोठ्या फिनिशियन शहरांवर आजची शहरं बसलेली असल्यामुळे तिथे मोठं खोदकाम अवघड आहे, म्हणून सरेप्टाचं महत्त्व फार.

समुद्राची गोष्ट ऐका. १९९९ मध्ये रॉबर्ट बॅलार्ड आणि लॉरेन्स स्टेगर यांनी अश्कलोनच्या पश्चिमेला, चारशे मीटर खोलीवर, दोन फिनिशियन जहाजं तपासली. त्यांची नावं ठेवली तानित आणि एलिसा. इ.स.पू. ८वं शतक. लाकूड कधीच गेलेलं, पण वाइनचे उभट रांजण जहाजाच्याच आकारात रचलेले पडलेत, प्रत्येकावर शेकडो. वर काढलेल्या रांजणांना आतून पाइनच्या राळेचा लेप होता. एका टोकाला स्वयंपाकाची भांडी, म्हणजे खलाशांची चूल तिथे. आणि त्यांच्यात एक भूछत्र-तोंडाची सुरई. तशीच सुरई बाजारात मिळते, पण ही खलाशांच्या ताटाशेजारची आहे, हे आपल्याला माहीत आहे. मी मासेमारी करणाऱ्या घरातला आहे. होडीत भांडी कुठे ठेवतात ते मला कळतं, म्हणून त्या फोटोंपाशी मी फार वेळ बसलो.

लेबनॉनमधून वस्तू विकत घेऊ नका, हे स्पष्ट सांगतो. तिथे १९३३ पासून प्राचीन वस्तूंचा कायदा आहे, आणि १९७५ ते ९० च्या यादवीत भयानक लूट झाली. बैरूतच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे मोरीस शेहाब यांनी मोठ्या वस्तूंभोवती काँक्रीट ओतून त्या वाचवल्या. सगळंच वाचलं नाही. सीदोनजवळच्या एश्मून मंदिरातलं संगमरवरी बैलाचं डोकं चोरीला गेलं, ते न्यूयॉर्कमध्ये उघडकीला आलं आणि २०१७ मध्ये परत गेलं. परत जाऊ शकलं ते उत्खननात त्याची नोंद आणि फोटो होते म्हणून.

रुचिरा_वाई | ५ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

त्या छोट्या कुप्यांत काय असायचं? अत्तर?

खापरखुणा | ५ नोव्हेंबर, दुपारी २:००

रुचिरा, छान प्रश्न. सुगंधी तेल असावं असा अंदाज होता. २०१३ मध्ये द्वोरी नामदार, अयेलेत गिल्बोआ आणि सहकाऱ्यांनी दोर आणि इतर ठिकाणच्या, लोहयुगाच्या सुरुवातीच्या २७ फिनिशियन कुप्यांची आतली माती तपासली. १० कुप्यांत दालचिनीचा अंश सापडला. दालचिनी होते ती आपल्या बाजूला, दक्षिण आणि आग्नेय आशियात. तीन हजार वर्षांपूर्वी ती तिथवर पोचली होती का, यावर वाद आहे, काहींना हे अजून पटलेलं नाही. पण प्रश्न तरी उभा राहिला, कारण त्या कुप्या कुणी आतून घासल्या नव्हत्या.

विक्रेता मात्र घासतो. गिऱ्हाइकाला स्वच्छ कुपी हवी असते.

दिमोनाची_आजी | ५ नोव्हेंबर, रात्री ८:३०

मुलांनो, मी एरवी नुसती वाचते. आज लिहायला बसले. नातवाने टाइप करायला शिकवलंय, चुका पोटात घाला.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. माझे पणजोबा रेवदंड्याकडे तेलाचा घाणा चालवायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनिवार तेली म्हणायचं. मी नऊ वर्षांची असताना आम्ही इथे आलो, नेगेवच्या वाळवंटात, दिमोनाला. इथे कितीतरी घरांत अजून मराठी बोलतात, मलिद्याचं ताट होतं.

पडवी, तुझ्या आईने बरोबर ओळखलं. पहिल्यांदा बैरशेबाच्या संग्रहालयात तसा दिवा पाहिला तेव्हा मी बापाला तेच म्हटलं होतं: बाबा, पणती. ते काचेपाशी उभेच राहिले. मग म्हणाले, यात तेल आपणच घातलं असेल.

आमच्यापासून जवळ अरादचा किल्ला आहे. साठच्या दशकात अहारोनी साहेबांनी तो खणला. खापऱ्यांवर शाईने लिहिलेली पत्रं निघाली, एल्याशीब नावाच्या कोठारवाल्याला आलेली. अमक्याला इतकी वाइन दे, इतकं पीठ दे, इतकं तेल पाठव. वाचलं तेव्हा मला पणजोबांची हिशोबाची वही आठवली, तिच्यातही असंच लिहिलेलं असायचं.

आता एक सांगते, माझ्याच घरचं. इथे हिवाळ्यात पाऊस पडून गेला की टेकाडावर खापऱ्या वर येतात, धुतल्यासारख्या. आमचे हे एकदा शिफ्टवरून येताना रांजणाचा एक कान खिशात घालून आले. ठसा नव्हता त्यावर, पण मातीवर बोटांचे चार खळगे होते. आठ दिवस तो आमच्या खिडकीत होता. मी रोज त्यावर बोटं ठेवून बघायची. मग शेजारच्या मुलाने सांगितलं, सापडलेली वस्तू पंधरा दिवसांत कळवावी लागते, उचलायची नसतेच. हे घाबरले. आम्ही दोघं बस पकडून गेलो आणि कान दिला. तिथल्या बाईंनी विचारलं, नेमका कुठे सापडला? यांना सांगता येईना. टेकाडाच्या कोणत्या अंगाला, तेही आठवेना. बाईंनी कान घेतला, लिहिलं, आणि पुढे काही बोलल्या नाहीत. परतीच्या बसमध्ये हे एकच वाक्य बोलले, "जागेवर राहू दिला असता तर बरं झालं असतं."

तू तो कान घेऊ नकोस, बाळा.

पडवी | ६ नोव्हेंबर, रात्री १०:०५

आजी, तुमची पोस्ट मी आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, त्यांना माझा नमस्कार सांग.

आज विक्रेत्याला तीन प्रश्न पाठवले: नोंद क्रमांक काय, १९७८ आधी तो कुणाकडे होता याचा कागद आहे का, आणि देशाबाहेर काढल्याची परवानगी कुठे आहे. दोन तासांत उत्तर आलं, की आणखी एक गिऱ्हाईक तयार आहे आणि किंमत अजून वीस टक्के कमी करतो. तिन्ही प्रश्नांची उत्तरं नव्हती. मी नकार कळवला. फोटो फोनमधून काढून टाकला, कारण बघत बसलो असतो.

माझ्या पणतीचे कागद मात्र पुन्हा काढून पाहिले. वर्णन: "दिवा, लोहयुग, १२ सेंमी". खापरखुणा, तुम्ही लिहिलं होतं अगदी तेच शब्द. रात्री झोप लागली नाही.

आता विचारतो: या पणतीचं काय करू? आणि चोचीजवळ पांढरं पांढरं फुलून येतंय, ते काय आहे?

निमिष_टोरांटो | ६ नोव्हेंबर, रात्री ११:३०

पांढरं फुलतंय ते क्षार असणार. जमिनीतले क्षार मातीत मुरलेले असतात. हवेत ओलावा कमी-जास्त झाला की बाहेर येऊन पापुद्रे काढतात. तुमच्या तळघरात ठेवलीय का? उन्हाळा-हिवाळ्यात फार फरक पडणार नाही अशा खोलीत आणा. ॲसिड किंवा व्हिनेगर अजिबात लावू नका. त्या भागातल्या मातीत चुनखडीचे कण असतात, ॲसिडने ते विरघळतात आणि भांडं आतून भुसभुशीत होतं. मी सुरुवातीला एका कुपीचं असंच वाटोळं केलं, आजही ती कपाटातून बाहेर काढवत नाही. क्षार काढायचे तर शुद्ध पाण्यात बुडवून, पाणी बदलत बदलत, आणि ते संवर्धकाकडूनच, म्हणजे जुन्या वस्तू जपणाऱ्या तज्ज्ञाकडूनच.

आणि कबूल करतो, परवापासून मी माझ्या चौदा दिव्यांचे कागद काढून बसलोय. नऊंवर निर्यातीचा कागद आहे. पाचांवर नाही.

खापरखुणा | ७ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

निमिषदादा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

पडवी, बाजारात परत विकू नका. तुमच्या जवळच्या एखाद्या विद्यापीठात बायबलकालीन पुरातत्त्वाचा विभाग असेल तर त्यांना सगळे कागद दाखवून विचारा. कागद कच्चे असले तर काही ठिकाणी नकार देतील, त्यांचंही बरोबर आहे. पण काही विभाग शिकवण्यासाठी, विद्यार्थ्यांना हातात घेऊन बघण्यासाठी, अशा वस्तू स्वीकारतात.

तोवर तिची नीट नोंद करा. पट्टी शेजारी ठेवून वरून, बाजूने, तळाचा फोटो. वजन. अर्धा छेद दाखवणारं चित्र कागदावर काढा, पेन्सिलीने, आम्ही उत्खननात काढतो तसं: डावीकडे कापलेली जाडी, उजवीकडे बाहेरचं रूप. काढताना कळेल की कड कुठे जाड आहे, कुंभाराने कुठे जोर दिला. आणि धुऊ नका. हैफाजवळ शिकमोनाला खापऱ्यांवर जांभळे डाग आहेत, समुद्री गोगलगायींच्या जांभळ्या रंगाच्या हौदांचे. घासले असते तर तो रंगाचा कारखाना कुणाला कळलाच नसता.

पडवी | ९ नोव्हेंबर, सकाळी ११:००

काल आई आणि मी बसून चित्र काढलं. वजन २८६ ग्रॅम. चकतीखाली, एका बाजूला, दोरीने चाकावरून कापल्याच्या वळणदार रेघा आहेत. आठ वर्षांत मला त्या दिसल्या नव्हत्या, आईने बघितल्या. तिच्या माहेरी शेजारी कुंभारवाडा होता. ती म्हणाली, दोरा असा ओढला की अशाच रेघा येतात.

एक गोष्ट विचारायची राहिली. काळा डाग चोचीच्या टोकाला आहेच, पण डाव्या बाजूला जास्त आहे. आजी, असं का असेल?

दिमोनाची_आजी | ९ नोव्हेंबर, दुपारी ३:२०

वारा, बाळा. दिवा कोनाड्यात ठेवला असेल आणि दार उजवीकडे असेल. आमच्या रेवदंड्याच्या घरात देवळीतली पणतीही डाव्या अंगालाच काळी व्हायची.

तळाच्या रेघांचा फोटो टाक. उजेड बाजूने पडू दे.